कापसात ठेवलेलं

तपासनीसाने खिडकीची तुटलेली कडी अंगठ्याने हलवून पाहिली, मग रुमाल काढून तुटल्या जागेवरून हलकेच फिरवला. रुमालावर तांबूस गंज उतरला. ही कडी काही गेल्या आठवड्यातल्या चोरीत तुटलेली नव्हती. ती तुटून बराच काळ लोटला होता, आणि घरातल्या कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. त्याने गंज आत जाईल अशी रुमालाची घडी घातली.

"इथूनच शिरला असणार," मागे उभे असलेले कवळीकाका म्हणाले. "पोलीसही तेच म्हणाले."

"हं."

"आणि हे बघा, क्लेम नाही मिळाला तरी आमची काही तक्रार नाही. तुमचे काय नियम असतील ते असतील."

तपासनीसाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. विमा कंपनीसाठी तो कितीतरी चोरीच्या घरांत जाऊन आला होता. तिथे माणसं हाताला धरून खोल्या दाखवत, आवाज चढवत, रडत, शेजाऱ्यांची नावं घेत. तक्रार नाही म्हणणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

"मग क्लेम का टाकलात?"

"मी नाही टाकला. लेकीने टाकला, तिकडून परस्पर. आईने तिला फोनवर सांगितलं दागिने गेले म्हणून. तिने लगेच पोलीस, विमा, सगळीकडे फोन लावले. लांब राहणारी मुलं काळजीसुद्धा अशी एका दमात करतात."

काका आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत आले होते. कोणी ओळख विचारली की सांगत, निम्मं गाव माझ्या दातांनी हसतं, आणि वेळ आली की मलाच चावतं. आज मात्र ते विनोदाच्या मनःस्थितीत दिसत नव्हते. तपासनीस एक पाऊल पुढे टाकी, तेव्हा तेही टाकत. तो थांबला की थांबत.

झोपायच्या खोलीतलं कपाट उघडं होतं. पोलिसांनी पाहिलं तेव्हा जसं होतं तसंच ठेवलंय, असं काकांनी सांगितलं. तपासनीस कपाटासमोर उकिडवा बसला. खालच्या कप्प्यातले कपडे बाहेर काढून पुन्हा आत ठेवलेले होते, आणि प्रत्येकाची घडी जागच्या जागी होती. दागिन्यांची पेटी रिकामी, पण तिचं झाकण लावलेलं. चोर कधी घड्या घालत बसत नाही, आणि झाकण तर नाहीच लावत. हे त्याला शिकवावं लागलं नव्हतं. ऑफिसातले लोक म्हणायचे, ह्याच्याशी भिंती बोलतात. तो हसून सोडून द्यायचा.

"अहो, त्यांना जमिनीवर काय बसवून ठेवलंत? पाहुणे आहेत की पेशंट?"

दारात एक उंच बाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केस पांढरेशुभ्र, मागे घट्ट बांधलेले, पाठ ताठ.

"ही आमची सिस्टर," काका म्हणाले.

तपासनीसाचा चेहरा पाहून बाईंना हसू आलं. "मी नर्स होते. मुलांच्या वॉर्डची हेड. ह्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मोठ्यांच्या वॉर्डात जागा नव्हती, म्हणून हे आठ दिवस माझ्याकडे मुलांच्या पलंगावर पाय मुडपून पडले होते. तेव्हापासून सिस्टर म्हणतात ते म्हणतातच. बायकोला सिस्टर म्हणणारा जगातला हा एकच नवरा असेल."

"हाक मारली की लगेच ओ देते ना," काका म्हणाले. "नावाने मारली तर देत नाही."

चहा घेताना सिस्टर तपासनीसाकडे निरखून बघत होत्या. बघण्यात संशय नव्हता. ताप असलेल्या मुलाकडे बघावं तसं ते बघणं होतं.

"टीव्हीवर तुमची मालिका लागते रोज," त्या म्हणाल्या. "विम्याच्या तपासनीसाची. लांब कोट घालतो, पावलं न वाजवता चालतो. त्याचा म्हणे काहीतरी भूतकाळ आहे. इतके भाग झाले, अजून सांगेनात. नुसता आरशासमोर उभा राहतो आणि मागे व्हायोलिन वाजतं. तुमचं काय आहे लपवलेलं?"

"कोट नाही माझ्याकडे," तपासनीस म्हणाला आणि कपात बघू लागला.

"भूतकाळ तरी असेल."

"सिस्टर, पुरे. काम करू दे त्यांना," काका म्हणाले. मग तपासनीसाला म्हणाले, "पॉलिसीची झेरॉक्स लागेल म्हणाला होतात ना? कोपऱ्यावर दुकान आहे, घेऊन येतो. तुम्ही घाई करू नका. सगळं नीट बघा. आतलं पण बघा, स्वयंपाकघर वगैरे."

त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि ते निघाले. जिना उतरतानाचा त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, इतक्या सावकाश ते उतरत होते.

स्वयंपाकघर लहान आणि लख्ख होतं. ओट्याच्या वर एक पांढरं कपाट होतं, दवाखान्यात असतं तसं, काचेच्या दाराचं. आत औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. थर्मामीटर, कात्री, चिकटपट्टी, आणि निळ्या कागदातला कापसाचा मोठा गुंडाळा.

तपासनीस तिथे डोळे मिटून थांबला. त्याच्या कानात एक जुना, बसका आवाज बोलला. घरात शिरल्यावर वस्तू शोधायची नाही, माणूस शोधायचं. बाई कोण आहे ते बघ. तिचा हात डोळे मिटून कुठे जाईल ते बघ. तिथेच असतं.

त्याने गुंडाळा उचलला. कापूस इतका जड नसतो. त्यावर बँडेजची पट्टी बांधलेली होती. वेढे सफाईने घेतलेले, गाठ मात्र ओबडधोबड, एकावर एक चढवलेली. त्याने नखाने ती सोडवली. कापसाचा थर उलगडत गेला आणि आतून एक हार, दोन बांगड्या आणि लाल खड्याची अंगठी ओट्यावर आली.

"सापडले!"

सिस्टर दारात होत्या. त्या भराभर पुढे आल्या, हार उचलून त्यांनी छातीशी धरला. "आईचा हार हा. मी म्हटलंच होतं—" आणि त्या मध्येच थांबल्या. त्यांची नजर हारावरून कापसावर गेली, कापसावरून कपाटावर.

"कापसात कोण ठेवतं?" त्यांनी विचारलं.

तपासनीसाने कापूस ओट्यावर सरकवला.

"मी ठेवते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनला नेताना मुलांच्या गळ्यातलं, कानातलं काढून ठेवावं लागायचं. मी कापसात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवायचे. एकाचंही कधी काही हरवलं नाही." त्यांनी हार खाली ठेवला. "पण हे मी कधी ठेवलं?"

त्या स्टुलावर बसल्या. पाठ अजून ताठच होती, फक्त हात मांडीवर उलटे पडले होते, तळवे वर करून.

"मध्ये एकदा सकाळी मी हॉस्पिटलच्या गेटपाशी उभी होते. पायात पांढरे बूट. वॉचमन नवा होता, म्हणाला, कोणाला भेटायचंय आजी? मला वाटलं, हा मला आजी का म्हणतोय." त्या हसल्या. "घरी येऊन ह्यांना सांगितलं, भाजी आणायला गेले होते. हातात पिशवीसुद्धा नव्हती. ह्यांच्या लक्षात आलं नाही, बरं झालं. मी नर्स आहे हो. ह्याला काय म्हणतात, पुढे काय काय होतं, मला सगळं ठाऊक आहे. तेवढं एक मात्र विसरायला होत नाही."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. तपासनीसाने दुसरं स्टूल ओढलं आणि तो त्यांच्यासमोर बसला.

"ह्यांना सांगू नका," सिस्टर म्हणाल्या. "सांगणार आहे मी, पण अजून थोडे दिवस जाऊ देत. कळलं की हे माझ्याकडे तसं बघायला लागतील. पेशंटकडे बघतात तसं. इतकी वर्षं मी बघत आले, आता माझ्याकडे कोणी बघायचं म्हटलं की..."

"मला काय सापडलं ते लिहावं लागेल."

"सापडलं ते लिहा. कोणी ठेवलं होतं ते कशाला लिहायचं?" मग त्यांनी मान तिरकी केली. "एक विचारू? चोर आलाच नव्हता, हे तुम्हाला चहा पितानाच कळलं होतं. ते तुमचं कामच आहे. पण कापूस कसा कळला? पोलीस दोनदा येऊन गेले. त्यांनी पिठाचे डबेसुद्धा पालथे केले. ह्या कपाटाकडे कोणी बघितलंही नाही."

"अंदाज."

"अंदाज नव्हता तो. तुम्ही डोळे मिटून उभे होतात."

तपासनीसाने कापसाचा एक पुंजका उचलून चिमटीत धरला. नेहमी अशा वेळी सांगायचं एक उत्तर त्याच्याकडे तयार असे: वडील कुलपं दुरुस्त करायचे, लहानपणापासून घरं बघितलीत. बायकोलाही त्याने तेच सांगितलं होतं. ते तसं खोटं नव्हतं.

"माझ्यापाशी बोललेलं कुठे जात नाही," सिस्टर म्हणाल्या. "आता तर मुळीच जायचं नाही." आणि डोळे बारीक करून त्या अशा मिस्कील हसल्या, की त्यालाही हसू आलं. हसू ओसरल्यावर मग बोलणं आपोआप सुरू झालं.

"माझे वडील चोर होते," तो म्हणाला. "दुपारचे. रात्री घरात माणसं असतात, म्हणायचे, दुपारी फक्त वस्तू असतात. हातात हत्यारांची पेटी घेऊन कुलूपवाला म्हणून गल्लीतून फिरायचे. खिडकी लहान असली की मला आत सोडायचे. आत गेल्यावर काय बघायचं, बायका कुठे काय ठेवतात, सगळं त्यांनी शिकवलं. मला आवडायचं ते. दुसऱ्यांची घरं शांत असायची. आमच्या घरी आई नव्हती. एका घरात पाळण्यात बाळ होतं, आणि त्याची आजी शेजारी झोपलेली. बाळ माझ्याकडे बघून हसलं. मी तिथेच बसून राहिलो, त्याला खेळवत. बाहेर वडील शिट्टी वाजवतायत, वाजवतायत. पकडले गेले ते त्या दिवशी."

"तुमच्यामुळे?"

"माझ्यामुळे. मला वसतिगृहात टाकलं. पुढे मी आईचं माहेरचं आडनाव लावलं."

"आणि वडील?"

तपासनीसाने पुंजका ओट्यावर ठेवला. "आहेत. एका वृद्धाश्रमात आहेत, बसने दोन तासांवर. मी जातो अधूनमधून. बायकोला सांगतो, कामासाठी बाहेरगावी चाललोय. तिला मी सांगितलंय की वडील गेले."

हे वाक्य त्याने आजवर मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ते ऐकताना त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सिस्टर रागावल्या नाहीत, की त्यांनी च्‌च्‌ही केलं नाही. "आमच्या वॉर्डात एखादं मूल असं असायचं, ज्याला भेटायला कोणी यायचं नाही," त्या म्हणाल्या. "भेटीची वेळ झाली की ते दाराकडे पाठ करून झोपायचं. मी मुद्दाम जाऊन त्याची उशी ठीक करायचे. दोनदा, तीनदा. उशीला काही झालेलं नसायचं."

त्या उठल्या. दागिने त्यांनी कापसात नीट ठेवले, गुंडाळा केला, बँडेजचे वेढे घेतले आणि न बघता सवयीने गाठ मारली. सपाट, एका टोकाला ओढलं की सुटेल अशी गाठ. गुंडाळा पुन्हा कपाटात गेला.

"परवापर्यंत मला वेळ द्या. ह्यांना काय सांगायचं ते ठरवते." कपाटाचं काचेचं दार लावताना त्या म्हणाल्या, "तुम्ही मालिकेपेक्षा बरे. एका दुपारात सांगून मोकळे झालात."

काका झेरॉक्सच्या दुकानात नव्हते. दुकानासमोरच्या बाकावर बसले होते, कागद मांडीवर. कागद केव्हाच काढून झाले असावेत. उन्हाने त्यांच्या कडा वळल्या होत्या. तपासनीस येताना दिसला तसे ते थोडे सरकले आणि त्यांनी बाकावर त्याला जागा केली.

"सापडलं?" त्यांनी विचारलं. "कापसात?"

तपासनीस बसला.

"चोरीच्या तिसऱ्या दिवशी माझं बोट कापलं," काका म्हणाले. "कापूस घ्यायला गेलो, तर हातात अंगठी आली. आधी वाटलं ओरडून सांगावं. सिस्टर तिकडे खोलीत सगळे कपडे परत परत काढून घड्या घालत होती. दोन दिवस तेच चाललं होतं. म्हणत होती, माझ्या आईचा हार नेला हो मेल्याने. तिला काय सांगू? मेला कोणी नाही, तूच ठेवलास? मी परत गुंडाळून ठेवलं, जमेल तशी गाठ मारून. म्हटलं, असू दे चोर. चोरावर चिडलेली बाई निदान स्वतःवर तरी चिडत नाही."

समोरच्या दुकानदाराने एक बादली पाणी रस्त्यावर ओतलं. दोघांनी पाय वर घेतले, पाणी वाहून जाऊ दिलं आणि पाय खाली ठेवले.

"मग लेकीने पोलिसांना फोन केला आणि सगळं माझ्या हातातून गेलं. मी कंपनीला फसवत नव्हतो हो. तुम्ही नामंजूर कराल, प्रकरण मिटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर्षभर बघतोय मी तिचं. मध्ये एकदा पांढरे बूट घालून भाजी आणायला गेली होती. पिशवी घरातच, खुंटीला."

तपासनीसाने मान खाली घातली, कारण चेहऱ्यावर काय उमटलंय हे त्याला काकांना दाखवायचं नव्हतं.

"तिला कळता कामा नये," काका म्हणाले. "म्हणजे, कळेलच. ती नर्स आहे. पण माझ्याकडून कळायला नको. तुम्ही सांगितलं तर नाही ना?"

"मी काही सांगितलेलं नाही," तपासनीस म्हणाला. हे खरंच होतं.

"मग आता काय करायचं?"

"दागिने घरातच मिळाले, म्हणून क्लेम मागे घ्यायचा. पोलिसांनाही तसंच कळवायचं. असं होतं पुष्कळ घरांत. कोणी ठेवले होते, ते मी लिहिणार नाही."

काकांनी कागदांच्या वळलेल्या कडा तळहाताने सरळ केल्या. मग एकदम उभे राहिले. "ठेवले होते मी," ते म्हणाले. "चला, तुम्ही बरोबर असलात म्हणजे ती फार मारायची नाही."

स्वयंपाकघरात सिस्टर तांदूळ निवडत होत्या. काकांनी दारातच कपाळावर हात मारून घेतला, जरा जास्तच जोरात.

"सिस्टर! अगं, आत्ता आठवलं मला. ह्यांनी खिडकीची कडी विचारली आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. कडी तुटलेली म्हणून मला भीती वाटली होती, म्हणून मीच दागिने उचलून... थांब, दाखवतोच."

त्यांनी काचेचं दार उघडून गुंडाळा बाहेर काढला आणि ओट्यावर ठेवला. गाठ सोडायला बोटं पुढे नेली, आणि तिथेच थांबली.

बँडेजची गाठ सपाट होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. सिस्टर तांदळाचं ताट बाजूला ठेवून त्यांच्याकडेच बघत होत्या. तपासनीस दारात उभा होता. आपण आत यावं की बाहेर जावं हे न कळून तो चौकटीला धरून राहिला.

मग काकांनी गाठीचं एक टोक धरून ओढलं. ती सहज सुटली.

"मीच ठेवले होते," ते पुन्हा म्हणाले. आवाज आता बसला होता. "आणि विसरलो बघ. साफ विसरलो."

"तरीच!" सिस्टर उठल्या. "तरीच म्हटलं, चोर इतका नीटनेटका कसा! म्हातारे झालात, डोकं ठिकाणावर नाही तुमचं. पोलीस आले, हे बिचारे उन्हातान्हात आले, लेकीचा जीव टांगणीला लागला, आणि हे महाशय झेरॉक्स काढतायत! आता ठेवायचं काही झालं तर मला विचारून ठेवायचं. कळलं?"

"कळलं."

"दोघांनी मिळून ठेवायचं."

"हो."

"म्हणजे एकाला तरी आठवेल."

त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. कॉलर सरळच होती. काका खाली मान घालून उभे राहिले, सिस्टरचं काम होईपर्यंत हलले नाहीत.

तपासनीसाने त्या संध्याकाळी दोन ओळींचा अहवाल लिहिला. साहेबांनी विचारलं, सापडले कुठे? तो म्हणाला, घरात. साहेब म्हणाले, भिंती बोलल्या वाटतं. तो हसला नाही.

रविवारी सकाळी त्याने बायकोला म्हटलं, "आज माझ्याबरोबर चल."

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर चष्मे बसवून ती कोणाच्याही चेहऱ्याकडे जवळून, न लाजता बघायला शिकली होती. तिने त्याच्याकडे तसंच बघितलं आणि कुठे म्हणून न विचारता ती तयार झाली.

बसमध्ये त्याने सांगितलं. सिस्टरना सांगितलं होतं त्यापेक्षा हे अवघड गेलं, कारण हे विसरलं जाणार नव्हतं. तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघून बोलत होता.

"तू केवढा होतास?" तिने विचारलं.

"खिडकीतून जाईन एवढा."

तिने बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाली, "माझे बाबा आजारी होते तेव्हा तू त्यांच्या उशाशी बसायचास. जग झोपलं तरी जागा असणारा जावई, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. आणि तेव्हा तुझे बाबा तिकडे एकटे होते."

"हो."

"आणि मला तू ते मेलेत म्हणून सांगितलंस."

"हो."

ती उठली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. उरलेला रस्ता त्याला फक्त तिची मान आणि केसांतला चिमटा दिसत होता. आडनाव बदललं, गाव बदललं, पण अशी पाठ आपल्याकडे कधीतरी वळणार हे त्याला आतून माहीत होतं. उतरल्यावर ती रस्ता ओलांडून परतीची बस धरेल असं त्याला वाटलं. ती रस्ता ओलांडून गेलीही. पण पलीकडे फळांची गाडी होती.

"दात आहेत का त्यांना?" तिने मागे न बघता विचारलं.

"थोडे."

तिने केळी घेतली.

वृद्धाश्रमाच्या लांब खोलीत वडिलांचा पलंग शेवटच्या खिडकीपाशी होता. ते उशीला टेकून बसले होते. खांदे आत गेलेले, हात पांघरुणावर, दोन्ही हात सारखे थरथरत. मुलाला बघून त्यांनी मान हलवली. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ही कोण?"

"माझी बायको."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे थोडा वेळ, मग नजर खाली तिच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. तपासनीसाचे कान तापले. ही नजर त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

"अंगठी सैल आहे, बाळ," वडील म्हणाले.

बायकोने आपल्या बोटाकडे पाहिलं. "वजन कमी झालं मध्ये. फिरते खरी."

"फिरत नाही, निघते. गर्दीत कोणी हात धरल्यासारखं केलं की निघाली. तुला कळणारसुद्धा नाही." ते मुलाकडे वळले. "तुला दिसलं नाही?"

"बाबा," तो म्हणाला, "राहू दे ते."

वडिलांनी ऐकलं नाही. पांघरुणाच्या उसवलेल्या कडेतून त्यांनी एक दोरा शोधला, हळूच ओढून लांब केला आणि दातांनी तोडला. मग तळहात पुढे केला. तो वाऱ्यावरच्या कागदासारखा हलत होता.

"दे इकडे."

तपासनीस बायकोकडे बघू शकला नाही. त्याने खिडकीबाहेर बघितलं. तिथे दोरीवर चादरी वाळत होत्या. अंगठी काढायला तिला काहीच वेळ लागला नाही. त्याने वळून पाहिलं तेव्हा ती वडिलांच्या तळहातावर होती, आणि म्हाताऱ्याने मूठ मिटली होती.

सोन्याचा स्पर्श झाला तशी बोटांची थरथर थांबली. वडिलांनी अंगठी उजेडाकडे धरली, आतल्या बाजूने दोऱ्याचे वेढे घेतले, एकाशेजारी एक, कुठे चढू न देता. टोक आत दाबलं, अंगठा फिरवून बघितला. मग अंगठी तिच्यापुढे धरली. हात पुन्हा थरथरू लागला होता.

तिने अंगठी बोटात सरकवली. हात खाली सोडून जोरात झटकला, एकदा, आणखी एकदा.

"नाही निघत, बाबा," ती म्हणाली.

मग तिने पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि केळं सोलायला घेतलं.